सरक, मी करतो

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, रांजणगाव या कारखान्यांच्या पट्ट्यात माणूस मॅनेजर होतो तो बहुतेक वेळा हातातल्या कामाच्या जोरावर. ज्याच्या मशीनवर रिजेक्शन कमी, तो आधी लाइन लीडर होतो, मग सुपरवायझर, मग शिफ्ट इंजिनिअर. ज्याचं ड्रॉइंग चुकत नाही त्याच्याकडे डिझाइन येतं, जो सगळ्यात जास्त ऑर्डर आणतो त्याच्याकडे अख्खा सेल्स विभाग येतो. बढतीचं पत्र मिळतं, पेढे वाटले जातात, केबिन किंवा निदान काचेशेजारचं टेबल मिळतं. एक गोष्ट मात्र त्या पत्रात कुठेच लिहिलेली नसते. ज्या कामामुळे तुम्हाला बढती मिळाली, ते काम आता तुमचं राहिलेलं नाही.

माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली. क्वालिटीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कारखान्यातल्या प्रत्येकाची चूक दिसते, आणि चूक झाल्यावर कोण कसं वागतं तेही दिसतं. कुणी ओरडतं, कुणी दुसऱ्यावर ढकलतं, कुणी रात्रीत जॉब रीवर्क करून घेतं आणि रजिस्टरला नोंदच करत नाही. पण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य यांच्यापैकी कुणाचं नाही. ते चांगल्या, कष्टाळू, कामावर जीव असलेल्या साहेबांचं आहे. "सरक, मी करतो."

यात अहंकार थोडा असतो, घाई जास्त असते. गेटवर ट्रक उभा असतो, कस्टमरचे फोन येऊन गेलेले असतात, आणि समोरचा पोरगा सेटिंग करताना चाचपडत असतो. साहेबाला ते पाच मिनिटांत जमणार असतं. त्याचे हात शिवशिवतात. दिवसभर मीटिंगा, मेल आणि एक्सेलच्या तक्त्यांत अडकलेल्या माणसाला पुन्हा एकदा पाना हातात घ्यायची संधी मिळते, आणि मशीन सुरू झालं की आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे आदराने बघतात. ट्रक वेळेवर जातो. पोरगा मात्र दोन पावलं मागे सरकून, कापडाला हात पुसत उभा असतो. पुढच्या वेळी सेटिंग बिघडलं की तो मशीनकडे बघायच्या आधी साहेबाच्या केबिनकडे बघतो.

असं वर्षभर चाललं की अख्खा विभाग केबिनकडे बघायला शिकतो. साहेब रजा घेऊन मेव्हणीच्या लग्नाला कराडला गेलेले असतात, हातात अक्षता असतात आणि खिशात फोन वाजत असतो. "साहेब, काय करू?" साहेब वैतागून मांडवाबाहेर जातात, सांगायचं ते सांगतात. पण आपल्यावाचून अडतं, याचं एक सुखही त्या वैतागात मिसळलेलं असतं. हे सुख सोडणं हे मॅनेजरच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, असं मला वाटतं. हाताखालच्या माणसांना घडवायची कुठलीही पद्धत त्यानंतर शिकता येते. त्याआधी शिकून उपयोग होत नाही.

हे सुख सोडलेला एक माणूस मी जवळून पाहिला. ते आमचे प्रॉडक्शनचे साहेब होते. एका स्टीलच्या जॉबचं 80 मिलिमीटरचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, दुसऱ्या शिफ्टमध्ये बिघडत होतं. टॉलरन्स शून्य ते प्लस तीस मायक्रॉन. सकाळी फायनल इन्स्पेक्शनला आदल्या रात्रीचे जॉब यायचे आणि त्यांतल्या बऱ्याच जॉबमध्ये भोक तपासायचा गो प्लग आत जायचाच नाही. बोअर लहान. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर डिप्लोमा झालेला, लातूरकडचा, अबोल मुलगा होता. त्याच्या रजिस्टरमध्ये मात्र एकही रीडिंग बाहेरचं नव्हतं. खोटं लिहितो, असं शॉपवर उघड बोललं जात होतं. मी रिजेक्शनचा रिपोर्ट घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी तो वाचला आणि जिना उतरताना मला हळूच म्हणाले, "गरम जॉब मोजत असणार." त्यांना उत्तर माहीत होतं. मला वाटलं, आता मशीनपाशी जाऊन ते त्याला एका वाक्यात सांगतील आणि आम्ही परत येऊ.

ते मशीनपाशी जाऊन नुसते उभे राहिले. दोन जॉब निघेपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तुला काय दिसतंय?"

"सर, मी खोटं लिहीत नाही."

"ते मी विचारलं नाही. जॉबमध्ये काय दिसतंय?"

मुलगा जरा सैल झाला. म्हणाला, "संध्याकाळनंतर बोअर वाढत जातं, सर. प्लस पंचवीस, सव्वीस. वरच्या टोकाला जातं म्हणून मी ऑफसेट कमी करतो, दहावर आणतो. सकाळवाले आले की म्हणतात, कुणी कमी केला? ते पुन्हा वाढवतात."

"तू मोजतोस कधी?"

"जॉब निघाला की लगेच."

"आणि फायनलला?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

यानंतर साहेब गप्प बसले. ही शांतता मला असह्य झाली होती. डिस्पॅचचा माणूस लांबून आमच्याकडे बघत होता, आणि मला सांगून टाकायची घाई झाली होती. साहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मुलाने चकमधून निघालेला जॉब हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मग हातमोजा काढून उघड्या तळव्याने धरला.

"सर, हा गरम लागतोय."

"मग?"

त्याने बोअर गेज मास्टर रिंगवर शून्य केलं आणि जॉब मोजला. प्लस दहा. तो जॉब त्याने सर्फेस प्लेटवर नेऊन ठेवला आणि आम्ही तिघे चहा प्यायला गेलो. अर्ध्या तासाने त्याने तोच जॉब पुन्हा मोजला. डायलचा काटा शून्याच्या पलीकडे, मायनस चारवर गेला. मुलगा काट्याकडे बघत राहिला. स्टील तापलं की फुगतं हे त्याने पहिल्याच वर्षी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. 80 मिलिमीटरचा जॉब खोलीपेक्षा पंधरा अंशांनी गरम असला तर बोअर सुमारे चौदा मायक्रॉनने मोठं दिसतं. तीसच्या टॉलरन्समध्ये चौदा म्हणजे जवळजवळ अर्धा घास गेला.

साहेबांनी इतकंच विचारलं, "पहिल्या शिफ्टला असं का होत नाही?" आणि ते ऑफिसकडे निघाले. मी थांबले. मुलाने मशीनला फेरी मारली, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी सकाळी एकदाच भरली जायची. संध्याकाळपर्यंत पातळी निम्म्यावर यायची आणि उरलेलं कूलंट कोमट झालेलं असायचं. त्याने स्वतःच मार्कर आणला आणि टाकीवर रेघ मारली. कूलंट इथपर्यंत, दोन्ही शिफ्टला. जॉब मोजायच्या आधी थंड करायचा, हेही त्याने दोन्ही शिफ्टच्या रजिस्टरवर लिहिलं.

उत्तर सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. या प्रकाराला तासाहून जास्त वेळ गेला, आणि त्या तासाचं उत्पादन बुडालं. हा खर्च खरा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण पुढे काही महिन्यांनी शेजारच्या मशीनवर वेगळाच घोटाळा झाला तेव्हा तोच मुलगा माझ्या टेबलाशी आला. त्याच्या हातात कागद होता, त्यावर तासातासाची रीडिंगं होती, शेजारी इन्सर्ट बदलल्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या. "मॅडम, मला वाटतं हे होल्डरचं आहे. तुम्ही बघता का?" त्याच्या बोलण्यात आता 'मला वाटतं' आलं होतं. त्याचं वाटणं त्या वेळी बरोबर निघालं की चूक, हे मला महत्त्वाचं वाटलं नाही.

त्या तासात साहेबांनी नेमकं काय केलं, यावर मी पुढे बराच विचार केला. पहिली गोष्ट, ते कामाच्या जागी जाऊन उभे राहिले. केबिनमध्ये बोलावून हेच प्रश्न विचारले असते तर त्या मुलाकडे दाखवायला फक्त रजिस्टर होतं, आणि रजिस्टर तर बरोबरच होतं. दुसरी गोष्ट प्रश्नाच्या जातीची. "असं का झालं?" असं साहेबाने विचारलं की आपल्याकडचा माणूस लगेच वकिली सुरू करतो. त्याला तो प्रश्न आरोप वाटतो, आणि बहुतेक वेळा तो आरोपच असतो. "काय दिसतंय?" म्हटलं की त्याचे डोळे साहेबावरून जॉबवर जातात. आणि तिसरी गोष्ट, प्रश्न विचारून ते थांबले. आपल्या ऑफिसांत प्रश्न विचारणारे साहेब पुष्कळ आहेत, पण उत्तर येईपर्यंत थांबणारे फार थोडे.

सांगण्यापेक्षा बघायला लावणं हे टेनिसच्या मैदानावरही एकाला सुचलं होतं. टिमोथी गॉलवे हे कॅलिफोर्नियात टेनिस शिकवायचे. 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे त्यांचं पुस्तक 1974 साली आलं. शिकवताना त्यांच्या लक्षात आलं होतं की मनगट असं धर, खांदा तसा फिरव, अशा सूचना वाढवत नेल्या की शिकणाऱ्याचा फटका आणखी बिघडतो. मग त्यांनी सूचना कमी केल्या आणि शिष्यांना एवढंच करायला सांगितलं की चेंडू जमिनीवर टप्पा घेतो तेव्हा आणि रॅकेटला लागतो तेव्हा तोंडाने म्हणा. लक्ष चेंडूवर गेलं आणि हात आपोआप सुधारले. ही दृष्टी मैदानावरून कचेऱ्यांत नेणाऱ्यांमध्ये जॉन व्हिटमोर हे ब्रिटिश मोटार शर्यतपटू मुख्य होते. 1965 मध्ये त्यांनी युरोपीय टूरिंग कारची स्पर्धा जिंकलेली, पुढे 1992 मध्ये 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' हे पुस्तक लिहिलं. त्यातली चार टप्प्यांची पद्धत आज पुण्यातल्या हॉटेलांच्या ट्रेनिंग हॉलमध्ये पडद्यावर दाखवली जाते. ध्येय काय, सध्या परिस्थिती काय, पर्याय कोणते, आणि तू नक्की काय करणार.

पद्धत वाईट नाही. पण दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आलेला मॅनेजर सोमवारी हेच चार प्रश्न ओळीने विचारतो, तेव्हा समोरच्या माणसाला कळतं की याला माझ्या उत्तरात रस नाही, पुढच्या प्रश्नात आहे. माणसाला हे पटकन कळतं. आमच्या साहेबांना चारही टप्प्यांची नावं सांगता आली नसती, पण जॉबमध्ये काय दिसतंय हे त्या मुलाच्या तोंडून ऐकण्यात त्यांना खरोखर रस होता.

असा खरा रस असलेला आपल्याकडचा माणूस सांगायचा तर क्रिकेट शिकवणारे रमाकांत आचरेकर. मुंबईच्या शिवाजी पार्कवर आचरेकर सरांनी विनोद कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर असे किती खेळाडू घडवले, आणि त्यांत सचिन तेंडुलकर. सर स्वतः स्टेट बँकेत नोकरी करायचे, म्हणजे साहेब आणि हाताखालचा माणूस हे नातं त्यांना मैदानाबाहेरही माहीत होतं. अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा भाऊ अजित त्यांच्याकडे घेऊन गेला, तेव्हाची हकिगत तेंडुलकरांनी नंतर सांगितली आहे. सर समोर उभे आहेत म्हटल्यावर मुलगा बावरला आणि त्याला खेळता येईना. भावाने सरांना विनंती केली की तुम्ही इथून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर झाडाआड गेले. मुलगा मोकळा झाला, खेळला, आणि त्याला प्रवेश मिळाला.

मला या गोष्टीत सरांचं मोठेपण दिसतं ते हे, की त्यांनी ती विनंती मानली. इतका नावाजलेला माणूस, एका मुलाच्या भावाचं ऐकून झाडाआड उभा राहिला, कारण आपल्या नुसत्या उभं राहण्याने समोरचा खेळ बदलतो हे त्यांना कळत होतं. कारखान्यात, बँकेत, हॉस्पिटलच्या वॉर्डात, शाळेत हेच घडतं. साहेब राउंडला आले की सगळ्यांच्या हातांची चाल बदलते. साहेबाला वाटतं आपण काम पाहिलं, प्रत्यक्षात त्याने भीती पाहिलेली असते. त्या लातूरच्या मुलाचं पहिलं उत्तर आठवा. विचारलं होतं, काय दिसतंय, आणि तो म्हणाला, मी खोटं लिहीत नाही. ही भीती आधी उतरवल्याशिवाय कुणाला काहीही शिकवता येत नाही.

सर सरावाच्या शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बोलर सचिनला बाद करील, नाणं त्याचं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली आहेत. यात सरांनी फलंदाजीचा एक शब्दही शिकवला नव्हता. थकलेल्या मुलाला लक्ष टिकवायला लावेल असा प्रसंग त्यांनी उभा केला, आणि बाकीचं मुलावर सोडलं. मॅनेजरला हे रोज करता येतं. कस्टमरच्या ऑडिटला ज्युनिअरला बोलायला पुढे करायचं आणि आपण मागच्या खुर्चीवर बसायचं. मासिक रिव्ह्यूचा एक भाग त्याच्याकडे द्यायचा आणि तो अडखळला तरी मध्ये पडायचं नाही. आचरेकर सर सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. जास्तीत जास्त वेळ त्याच्या हातात बॅट राहील, एवढी व्यवस्था त्यांनी केली.

त्यांच्या एका गोष्टीचा मात्र आपल्या ऑफिसांत फार गैरवापर होतो, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोप घेताना तेंडुलकर म्हणाले होते की सरांनी मला कधीच 'छान खेळलास' म्हटलं नाही. हा दाखला देऊन कितीतरी साहेब कौतुकाचा एक शब्द न बोलता वर्षं काढतात. डोक्यात हवा जाईल, म्हणतात. पण सचिनचे शंभर रन धावफलकावर लागत होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येत होते. सरांनी सांगितलं नाही तरी आपण कुठे आहोत हे त्याला कळत होतं. अकाउंट्समध्ये जीएसटीचा हिशेब जुळवत बसलेल्या मुलीचा धावफलक कुठे लागतो? स्टोअर्समधल्या माणसाने वर्षभर एकही पार्ट कमी पडू दिला नाही, तर ते कुठल्या पेपरात छापून येतं? तिथे साहेबाचा शब्द हाच धावफलक. चूक झाली की बोलायचं आणि नीट झालं की गप्प बसायचं, याला शिस्त म्हणू नये. त्याने माणूस एवढंच शिकतो की साहेब काही बोलले नाहीत म्हणजे आजचा दिवस निभावला.

आता उलट बाजूने. सारखे प्रश्नच विचारायचे, असं कुणी समजू नये. कालच जॉइन झालेल्या पोराला "तुला काय वाटतं?" विचारणं ही क्रूरता आहे. त्याला काही माहीतच नसतं, त्याला काय वाटणार? त्याला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवणं हे वेगळं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं, विशेषतः बायका, हजारोंनी भरती झाली तेव्हा सरकारने सुपरवायझरांसाठी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाची मोहीम काढली. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि खिशात मावणारं एक कार्ड, त्यावर चार पायऱ्या. माणसाच्या मनाची तयारी कर, काम करून दाखव आणि सांग, मग त्याला करू दे आणि करताना त्यालाच बोलायला लाव, आणि नंतर जाऊन बघत राहा. 1940 ते 1945 या काळात 16 लाखांहून अधिक लोकांनी हे शिक्षण घेतलं. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटाने ती उचलली. मला त्यातली तिसरी पायरी सगळ्यात मोलाची वाटते. करताना बोलायला लावलं की समजलं आहे की नुसतं पाठ झालं आहे, ते लगेच उघडं पडतं. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या होतात, त्याही घाईत, आणि मग "कळलं ना?" विचारतात. मुलगा "हो सर" म्हणतो. दुसरं तो काय म्हणणार?

आणि पॉवर प्रेसच्या खाली कुणाचा हात जात असेल तर तिथे प्रश्न नाही, तिथे इमर्जन्सी बटण. सुरक्षिततेच्या बाबतीत हुकूमच हवा.

कौशल्य नसलेल्या मॅनेजरला नुसत्या गोड बोलण्यावर माणसं घडवता येतील, हेही मला पटत नाही. गूगलमध्ये मॅनेजरांचा उपयोग असतो की नाही याचाच अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये जाहीर झाले. चांगल्या मॅनेजरची आठ लक्षणं निघाली. त्यांत पहिलं होतं की तो चांगला कोच असतो, आणि तांत्रिक ज्ञान आठवं. हा निकाल ऐकून आमच्याकडचे काही जण म्हणू लागले की मॅनेजरला काम यायची गरज नाही. मी हे मानत नाही. आठवं म्हणजे यादीबाहेर नाही. तापलेलं स्टील काय करतं हे आमच्या साहेबांना माहीत नसतं, तर "तू मोजतोस कधी?" हा प्रश्न त्यांना सुचलाच नसता. योग्य जागी बोट ठेवणारा प्रश्न ज्ञानातूनच येतो. ज्ञान लागतं, फक्त ते पाजळायचं नसतं.

एक गोष्ट बाई म्हणून मी फार जवळून पाहिली आहे. मशीन उघडायची वेळ आली की सिनिअर माणूस हाक मारून पोरांना बोलावतो. "ये रे, बघ, हा बेअरिंग असा काढायचा." डिप्लोमा झालेल्या मुली त्याच शॉपवर, त्याच पगारावर असतात, पण त्या गेजिंगच्या टेबलावर. त्यांना कुणी मुद्दाम टाळलेलं नसतं. हाक मारायचं कुणाला सुचत नाही, एवढंच. मुली व्यवस्थित मोजतात, नीट नोंदी ठेवतात, म्हणून त्यांना मोजायलाच ठेवलं जातं, आणि पाच वर्षांनी बढतीच्या वेळी सगळे म्हणतात की हिला मशीनचं काही येत नाही. हाताखालच्या माणसांना घडवतो म्हणणाऱ्या प्रत्येक मॅनेजरने गेल्या महिन्यात आपण कुणाकुणाला हाक मारली, ती नावं एकदा आठवून पाहावीत. बहुधा तीच तीच नावं निघतात. ती स्वतःच्या गावची, स्वतःच्या कॉलेजची, स्वतःसारखी बोलणारी निघतात. अबोल माणूस आणि मुलगी या दोघांची नावं सहसा निघत नाहीत.

शिकवला की पोरगा सोडून जातो, ही लहान कारखानदाराची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. दहा-बारा माणसांचं वर्कशॉप असतं, मालक स्वतः उभा राहून पोराला प्रोग्रॅमिंग शिकवतो, आणि सहा महिन्यांत चाकणची मोठी कंपनी त्याला दोन-तीन हजार जास्त देऊन घेऊन जाते. मालकाचं नुकसान होतं, आणि ते कुणी भरून देत नाही. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, तोही अर्धा. पोराशी हे आधीच उघड बोलावं. तुला कुठे जायचंय, किती वर्षं इथे काढशील, तोवर काय काय शिकायचंय. असं बोललेला पोरगा निदान महिनाभर आधी सांगून जातो, आणि जाताना आपल्या जागेवरच्या माणसाला तयार करून जातो. मी तसं झालेलं पाहिलंय. ज्याच्याशी हे कधीच कुणी बोललेलं नसतं, तो दिवाळीचा बोनस घेऊन गावी जातो आणि परत येत नाही.

शिकवलं तर माझी खुर्ची जाईल, ही दुसरी भीती. ती बोलून कुणी दाखवत नाही, पण सेटिंगची वही कुलपात ठेवणारे फोरमन मी पाहिलेत. त्यांना मी दोष देत नाही. ज्या कंपनीत माणसाची किंमत त्याच्यावाचून किती अडतं यावर ठरते, तिथे शहाणा माणूस वही कुलपातच ठेवणार. माणसं घडवण्याबद्दल मॅनेजरांना भाषणं देणारे मालक, संचालक आणि एचआरचे लोक इथेच चुकतात. रोजच्या सकाळच्या मीटिंगमध्ये कालचं उत्पादन विचारलं जातं, रिजेक्शन विचारलं जातं, डिस्पॅच विचारलं जातं. काल कुणाला काय शिकवलंस, हे कुणी विचारत नाही. ज्या मॅनेजरने एक तास घालवून एका ऑपरेटरला विचार करायला लावलं, त्याच्या नावावर त्या दिवशी फक्त एक तास उत्पादन कमी लागतं. आमच्या साहेबांच्या नावावरही ते तसंच लागलं होतं.

म्हणून माझी विनंती मॅनेजरांपेक्षा जास्त त्यांच्या वर बसलेल्यांना आहे. मार्चमध्ये अप्रेझलचे फॉर्म निघतात. त्यात लीडरशिप, टीमवर्क असे मोठमोठे रकाने असतात आणि त्यांत सगळ्यांना पाचपैकी चार मिळतात. ते रकाने कमी करा आणि मॅनेजरला एकच प्रश्न लेखी विचारा. तुम्ही उद्यापासून पंधरा दिवस फोन बंद करून रजेवर गेलात, तर तुमचे कोणकोणते निर्णय कोण घेईल? निर्णय एका बाजूला, माणसाचं नाव दुसऱ्या बाजूला. पुढच्या मार्चला तीच यादी पुन्हा मागवा आणि नावं किती वाढली ते बघा. मग त्याला खरोखर पंधरा दिवस रजेवर पाठवा, आणि त्याची पगारवाढ तो परत आल्यावर ठरवा.